आर्गन मारलेलं हेड

मी यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात मशीनचे विषय शिकवतो. वीस-बावीस वर्षं झाली. पण गाडीवाल्यांत माझी ओळख त्यामुळे नाही. तिथं मला 'सर' म्हणतात ते मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवणारे सर म्हणून. आमच्याकडे अशी वेडी माणसं थोडी आहेत. कुणाचं मेडिकल स्टोअर आहे, कुणाची जिनिंग, एक वकील आहे, एक टायरवाला. वर्षातून दोन-तीनदा नागपूर-अमरावतीकडे एखाद्या माळरानावर चुन्याच्या रेषा आखून शर्यत होते, आणि उरलेलं वर्षभर आम्ही ग्रुपवर एकमेकांना गाड्यांचे जुने भाग विकत असतो.

त्यातला सगळ्यात मानाचा भाग म्हणजे हेड. इंजिनवर झाकणासारखं बसणारं ॲल्युमिनियमचं जड धूड. पेट्रोल आणि हवा त्यातून आत जातात, जळालेला धूर त्यातूनच बाहेर येतो. शर्यतीसाठी हेड तयार करायचं म्हणजे त्याच्या आतल्या वाटा हातानं कोरून रुंद करायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, मोठे व्हॉल्व्ह बसवायचे. हात बसलेला असला तरी महिने जातात. म्हणून कुणी आपलं तयार हेड विकायला काढलं की ते दोन दिवससुद्धा टिकत नाही. त्याला पावती नसते, गॅरंटी नसते. ते कुणाच्या गाडीवर होतं, एवढंच लोक विचारतात. माणूस पाहून हेड घेतात.

माझं हेड मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोरलं होतं. पाठीला कायमची उसण भरली, पण हेड असं जमलं की सलग चार वर्षं आमच्या गटात पुढं कुणी गेलं नाही. लोक त्याचे फोटो मागायचे. 'सरांचं हेड' असंच त्याचं नाव पडलं होतं.

मग एका शर्यतीत ते तापलं. तापमानाचा काटा लाल रेघेला लागलेला मला दिसला होता. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या आणि नागपूरचा एक तरुण गडी माझ्या मागं चिकटून होता. थांबायला पाहिजे हे मला कळत होतं. ॲल्युमिनियम तापलं की काय होतं, हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो. मी थांबलो नाही. जिंकलो. गाडी उभी केली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. काय झालं म्हणून विचारलं तर मी म्हणालो, "होज पाइप फुटला."

दुसऱ्या दिवशी हेड उतरवून आमच्या लेथवाल्या काकांकडे नेलं. काकांनी चष्मा पुसला, हेड उन्हात धरलं आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या बोटभर जागेवर नख टेकवलं. तिथं केसासारखा तडा होता.

"होज पाइपनं असं नाही होत सर," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी तो तडा खोदून त्यात आर्गन मारलं. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला आमच्याकडे आर्गन मारणं म्हणतात. मग वरून मशीन फिरवून जागा सपाट केली, इंजिन थंड ठेवणारं पाणी हेडमधून ज्या वाटांनी फिरतं त्या सगळ्या बंद करून आत हवा भरली आणि हेड टाकीतल्या पाण्यात बुडवलं. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. बुडबुडा आला नाही.

"थंड्या पाण्यात धरलं यानं," काका म्हणाले. "गरम इंजिनात धरीन का, हे मी नाही सांगत. बाजारात न्यायच्या गाडीले लावा, चालून जाईन. रेसले नका लावू."

मी ते घरी आणून पुसून माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. आलेल्या-गेलेल्याला दाखवायला बरं होतं. ग्रुपवर लिहिलं की आता वय झालं, शर्यत बंद. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. हेड गेलं हे सांगायचं तर ते कसं गेलं हे सांगावं लागलं असतं.

---

पांढरकवड्याला हायवेवर ट्रकांचं एक मोठं गॅरेज आहे. तिथं इंजिनचं काम करणारा एक मेकॅनिक आमच्या ग्रुपवर होता. वय पस्तिशीच्या आसपास. मुकुटबनकडच्या एका तांड्यातला. एकदा शर्यतीच्या ठिकाणी चहा पिताना तो म्हणाला होता, "आमचे आजे बैलाईवर माल वाहून नेत होते सर. मंग बैल गेले, ट्रक आले. म्या ट्रकचे इंजिन खोलतो. धंदा एकच हाय आमचा." आणि मग खूप हसला होता.

त्यानं भंगारात निघालेली एक गाडी घेतली होती, माझ्या गाडीच्याच मॉडेलची. चार वर्षं तो रविवारी-रविवारी ती उभी करत होता. दर काही महिन्यांनी त्याचा फोन यायचा. "सर, ते हेड विकाचं झालं तर मले सांगजा." मी 'पाहू' म्हणायचो.

एके दिवशी तो न सांगता घरीच आला. मोटारसायकलवर, घाटंजीच्या रस्त्यानं, खांद्यावर दुपट्टा. बायकोनं पाणी दिलं. तो खुर्चीवर बसला नाही, फळीपाशी जाऊन उभा राहिला.

"हात लावू का सर?"

मी हो म्हणालो. त्यानं आधी दुपट्ट्याला हात पुसले. मग हेड खाली उतरवून, तान्ह्या पोराला धरतात तसं मांडीवर घेतलं आणि एकेका वाटेत बोट घालून पाहू लागला. माझं कोरकाम त्याच्याइतकं बारकाईनं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. कुठं मी हात हलका ठेवला, कुठं वळणावर थोडी जास्त जागा दिली, हे त्याला बोटानं कळत होतं आणि तो ते मोठ्यानं सांगत होता. मला फार बरं वाटलं. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. 'हे आता शर्यतीचं राहिलं नाही' एवढं एकच वाक्य होतं. पण ते म्हटलं असतं की त्याच्या तोंडावरचा तो भाव गेला असता. मला तो अजून थोडा वेळ पाहायचा होता.

त्यानं हेड उलटं केलं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. त्याचं बोट त्या जागेवरून गेलं आणि तिथं किंचित थांबलं.

"सर, प्रेशर टेस्ट केलतं ना?"

"केलंय ना. काकांकडे, माझ्यासमोर. बुडबुडा आला नाही."

हे शब्द न् शब्द खरं होतं. मी असं वाक्य निवडलं होतं की उद्या कुणी शपथेवर विचारलं तरी मला ते परत म्हणता यावं. इतक्या झटकन ते मला सुचलं, याचंच मला नंतर भय वाटलं.

"मंग झालं," तो म्हणाला आणि दुपट्टा पसरून त्यात हेड बांधायला लागला. त्यानं भाव केला नाही, मी सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. जाताना माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरलो नाही.

---

पुढची शर्यत हिवाळ्यात होती. मी भाग घेणार नव्हतो. घड्याळ घेऊन वेळ नोंदवायला बसलो होतो. त्याची गाडी सकाळी ट्रकवर लादून आली. भंगारातून उभी केली होती असं कुणी म्हटलं नसतं. रंग नव्हता, नुसतं प्रायमर होतं, पण आवाज ऐकून लोक आपापल्या गाड्या सोडून तिकडे गेले. तो मला शोधत आला. "ऐकला का सर आवाज? तुमचंच आहे ते."

मी त्याला म्हणालो, "पहिल्या फेऱ्या हळू काढा. काट्यावर लक्ष ठेवा." एवढं तरी सांगितलं, असं मी मनाशी म्हणत राहिलो.

पहिली फेरी त्यानं काढली आणि माझ्या हातातल्या घड्याळावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या फेरीत लांबच्या वळणावर त्याच्या मागं पांढरा धूर दिसला. लोकांना आधी धूळ वाटली. मला वाटली नाही. धूर वाऱ्यानं आमच्याकडे आला, त्याला गुळमट वास होता. रेडिएटरचं पाणी इंजिनात जळतं तेव्हा तसा वास येतो. मग खाडकन आवाज झाला आणि गाडी रेषांच्या बाहेर जाऊन थांबली. पाणी सिलिंडरमध्ये भरलं होतं, कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉकला भोक पडलं होतं. चार वर्षांचं काम दीड फेरीत गेलं. त्याला काही लागलं नाही, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. लागलं असतं तर काय, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

तो गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा होता. मी जवळ गेलो. लोक गोळा झाले होते. मला वाटलं, आता तो माझ्याकडे पाहील. त्यानं पाहिलंही. डोळ्यांत पाणी होतं.

"सर," तो म्हणाला, "म्या तुमचं हेड खराब केलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांना वाटलं, सर धीर देताहेत.

आठवड्यानं त्यानं ग्रुपवर लिहिलं. इंजिन खोललं, हेडला तडा गेलाय, बहुतेक पाणी भरताना आपल्याकडून आत हवा राहिली आणि त्यानं तापलं, किंवा बोल्ट कसताना चुकलं. शेवटी लिहिलं होतं: 'चूक माझी आहे. सरांचं हेड एक नंबर होतं.' खाली लोकांनी त्याला सल्ले दिले. एकानं लिहिलं, ट्रकचा हात आहे भाऊ तुमचा, रेसिंगचं काम नाजूक असतं.

मी तो मेसेज चार-पाच वेळा वाचला. मग त्याच्यावर अंगठ्याची खूण टाकली.

त्यानंतर त्याचे फोन येत राहिले. दर वेळी तेच. बोल्ट कोणत्या क्रमानं कसले, किती जोर लावला, पाणी कसं भरलं, हे तो मला सगळं पहिल्यापासून सांगायचा आणि विचारायचा, "याच्यात कुठं चुकलं असन सर?" कुठंच चुकलेलं नव्हतं. मीही केलं नसतं इतकं नीट त्यानं केलं होतं. मी म्हणायचो, "होतं असं कधीकधी." आणि तो म्हणायचा, "माफ करजा सर."

एकदा फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कोणाचा होता?"

"त्या पांढरकवड्याच्या मेकॅनिकचा. त्याच्याकडून हेड खराब झालं ना, म्हणून माफी मागतो."

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "पण तुम्ही तर विकलं होतं न ते त्याले? मंग त्याचंच होतं. त्याची वस्तू खराब झाली, अन् तुमची माफी कायले मागून राह्यला तो?"

मी फोन खिशात ठेवला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि परत मेथीला लागली. तिला त्या दिवशीच कळलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

---

होळीच्या आधी मला एका लग्नासाठी आदिलाबादला जायचं होतं. वाटेत पांढरकवड्याला चहाला थांबलो. गॅरेज समोरच होतं, म्हणून गेलो. मला वाटलं होतं तो इंजिनवर वाकलेला दिसेल. तो ट्रकच्या मागच्या चाकापाशी बसून स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारत होता.

"इंजिनचं काम?"

"सोडलं सर," तो उठत म्हणाला. हात पुसायला कापड शोधू लागला. "म्याच मालकाले म्हणलं, मले चाकावर ठेवा. हेड उघडलं की मनात येते, बसवताना चुकन. दोनदा कसतो, तीनदा कसतो. मंग परत खोलून पाह्यतो. गिऱ्हाईक कायले थांबन इतकं?"

गॅरेजचा मालक तिथंच होता. तो हसत म्हणाला, "सर, तुम्ही सांगा याले. याच्यासारखा हात नाही हायवेवर. कोणाचं काय खराब झालं त् मनाले लावून घेतलं यानं."

मालकानं मला चहा सांगितला. मेकॅनिक माझ्यासमोर उभा होता, त्याच्या बोटांवर ग्रीस होतं. तांड्यावर रविवारी लोक ट्रॅक्टरची हेडं घेऊन यायचे त्याच्याकडे, तेही आता परत पाठवतो, असं तो म्हणाला. एक जण वणीपर्यंत घेऊन गेला.

मी चहा प्यायलो. लग्नाला उशीर होतोय म्हणालो. आणि निघालो.

हे मी लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. हेड विकताना मला मोह झाला होता, मैदानावर मी गांगरलो होतो, ग्रुपवर अंगठा टाकताना लाज वाटत होती. पण त्या दिवशी गॅरेजात मी पूर्ण भानावर होतो. मालक साक्षीला होता, वेळ होता, आणि तो माणूस माझ्या एका वाक्यानं परत इंजिनवर गेला असता. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि गाडीत बसलो. लग्नात पंगतीला बसून जेवलोसुद्धा.

त्यानंतर सहा-सात महिने गेले. वर्गात क्रॅकचा धडा आला की मी तो दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला. रात्रीची झोप वगैरे माझी उडाली नाही. फक्त फोन वाजला की आधी नाव पाहायचो. त्याचे फोन हळूहळू बंद झाले होते, आणि तेच जास्त टोचायला लागलं. शेवटी एका रविवारी सकाळी बायको म्हणाली, "जाऊन या. मी येऊ का सोबत?" मी म्हणालो, नको.

---

तांडा मुकुटबनच्या अलीकडे आत आहे. कापूस फुटायला लागला होता. विचारत-विचारत घर सापडलं. अंगणात एका बाजूला ती गाडी ताडपत्रीखाली होती, आणि ताडपत्रीवर तुरीच्या काड्यांचा भारा ठेवला होता. त्याची आई, तांड्यात आईला याडी म्हणतात, ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तो मला पाहून धावत आला. खाट टाकली, पाणी आणलं.

मी पाणी प्यायच्या आधीच बोललो. मला भीती होती की पाणी प्यायलो तर परत काहीतरी वेगळंच बोलेन.

"त्या हेडला आधीच तडा होता. मी तापवलं होतं ते, शेवटच्या शर्यतीत. काकांनी आर्गन मारून दिलं आणि सांगितलं, रेसला लावू नका. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

तो उभाच होता. माझ्याकडे नाही, त्या ताडपत्रीकडे पाहत होता.

"मले रंग येगळा दिसला होता," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "तुमच्या घरीच दिसला होता. खिडकीपाशी धरलं तवा. म्या मनात म्हणलं, आर्गन मारेल दिसते. मंग तुम्ही म्हणले, बुडबुडा नाही आला. म्या म्हणलं, सर खोटं कायले बोलतीन? माह्याच डोयाले दिसून नाही राह्यलं नीट."

मी मान खाली घातली.

"खोललं तवाही तिथंच गेलेला दिसला तडा. आर्गनच्या बाजूनंच. तरी म्या म्हणलं, नाही, हवा राह्यली असन." मग म्हणाला, "वर्ष होऊन गेलं सर. म्या माह्या डोयाले खोटं पाडून राह्यलो."

याडीनं ओट्यावरून त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्यानं तिच्याकडे वळून तिला उत्तर दिलं. बरंच लांब होतं. मला शब्द कळत नव्हते, पण मधे 'हेड' आणि 'सर' ऐकू आलं, आणि आपण केलेलं दुसऱ्या भाषेत कुणीतरी सांगतंय हे ऐकत मी खाटेवर बसून राहिलो. तिचे हात शेंगांवर थांबले होते. ती माझ्याकडे पाहत एकच वाक्य बोलली.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

तो सांगायला तयार नव्हता. मी परत विचारलं.

"ती म्हणते, शिकेल माणूस हाय ना हा?"

मी त्याची माफी मागितली. हात जोडले. त्यानं मला थांबवलंही नाही आणि 'असू द्या' असंही म्हटलं नाही. हेडचे पैसे मी सोबत आणले होते, ते त्यानं ठेवून घेतले. बरं वाटलं मला, त्यानं नको म्हटलं असतं तर मला तिथून उठता आलं नसतं.

निघताना तो गाडीपर्यंत आला. म्हणाला, "एक काम करा. म्या जिथं लिहिलं होतं, तिथंच तुम्ही लिहा."

---

लिहायला मला पूर्ण दुपार लागली. पहिल्या वेळी लिहिलं त्यात 'कदाचित' दोनदा आलं होतं. दुसऱ्या वेळी काकांनी टेस्ट केल्याचं आधी आलं आणि तडा नंतर. ते पुसलं. शेवटी चार ओळी राहिल्या: हेड मी तापवलं, तडा गेला, आर्गन मारलेलं होतं, मला माहीत असून मी सांगितलं नाही. मेकॅनिकचं काम बिनचूक होतं. होज पाइप फुटल्याचंही खोटं होतं.

पहिलं उत्तर आलं, 'सर, याला म्हणतात मोठेपणा.' मग हात जोडलेले, मग अंगठे. कुणी लिहिलं की चूक कबूल करायला काळीज लागतं. एका तासात मी आधी होतो त्याहून चांगला माणूस झालो होतो. ज्याचं इंजिन गेलं त्याला कुणी एक शब्द लिहिला नाही. फक्त नागपूरच्या त्या तरुणानं, जो शेवटच्या शर्यतीत माझ्या मागं होता, लिहिलं, 'सर, त्या दिवशी तुम्ही थांबायला पाहिजे होतं.' मी लिहिलं, 'हो.' मग लोकांना सांगितलं, माझं कौतुक करू नका, त्यांना फोन करा. दोघांनी केला, असं नंतर कळलं.

दिवाळीनंतर गॅरेजचा मालक यवतमाळला भेटला. म्हणाला, तो परत इंजिनवर आला. आधी एक हेड उघडून तीन दिवस घेतले, मग दोन, आता पहिल्यासारखा.

आणि मग तुरी निघायच्या दिवसांत त्याचा फोन आला. मी नाव पाहिलं आणि लगेच उचलला.

"सर, तुमची व्हॅन रिकामी हाय का? आदिलाबादले जाचं हाय. पुरं इंजिनच आणाव म्हणतो."

मी पांढरकवड्याहून त्याला घेतलं. पैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. तूर काय भावानं चालली, याडीचा गुडघा, असं थोडंसं. आदिलाबादच्या एका भंगारवाल्याकडे आमच्या गाड्यांच्या मॉडेलची तीन इंजिनं होती. मेकॅनिकनं बाही वर केली आणि तिन्हींची हेडं उतरवायला सांगितली. भंगारवाला कुरकुरला, पण उतरवली. मग तो एकेक हेड उन्हात घेऊन बसला. नखानं खरवडलं, रॉकेल ओतून खालून झिरपतं का पाहिलं, पॉलिश पेपर घासून आर्गनचा वेगळा रंग निघतो का पाहिलं. तास झाला असेल. मी व्हॅनला टेकून उभा होतो.

भंगारवाला मला ओळखत होता. कंटाळून तो माझ्याकडे आला. "सर, तुम्हीच सांगा ना इनको. दूसरा वाला एकदम बढिया है, है ना?"

मेकॅनिकनं मान वर केली नाही. त्याचं बोट दुसऱ्या हेडच्या कडेवरून फिरत होतं. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्यानं दुसरं बाजूला सारलं. तिसरं घेतलं.

इंजिन व्हॅनमध्ये चढवलं, दोरीनं बांधलं. परतीच्या वाटेवर पाटणबोरीच्या पुढं मी विचारलं, "हेडच्या वाटा मी कोरून देऊ का? सुट्टी आहे मला उन्हाळ्यात."

तो खिडकीतून बाहेर पाहत होता.

"नाही सर," तो म्हणाला. "म्याच करतो. बिघडलं त् माह्याच हातानं बिघडन."

गॅरेजपाशी चौघांनी मिळून इंजिन उतरवलं. त्यानं मला चहाचं विचारलं. मी थांबलो. तो चहा पिता पिता मालकाला तिसऱ्या हेडबद्दल सांगत होता, कुठं किती जागा आहे, कुठं कोरायला वाव आहे. मी ऐकत होतो. मला दोन-तीन गोष्टी सुचल्या, पण त्यानं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. मग तो त्याच्या कामाला लागला आणि मी घरी आलो.